उघड्या रानातली वाघर

मेंढरं राखणाऱ्याला वळवाच्या ढगाकडून एवढंच कळायला हवं असतं: पाऊस येणार की गारा? विजांचा पाऊस असेल तर मेंढरं झाडाखालून काढायची, गारा असतील तर झाडाखाली घालायची. मोबाईलवर मात्र काहीही येणार असलं तरी तोच ढग आणि खाली तेच दोन थेंब. असल्या ज्ञानाला काय चुलीत घालायचं?

त्या दुपारी आमचा कळप बेल्ह्याच्या पुढं, आण्याच्या पठारावर होता. कोकरं बाभळीखाली वाघरीत होती. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. आया चरायला गेल्या की कोकरं त्यात कोंडायची. आभाळ गडगडायला लागलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "वारं लई गार सुटलंय. गारा आल्या तर? हितंच राहू द्या कोकरं."

"मोबाईल पाऊस दावतोय अन् आभाळ गडगडतंय, म्हंजी विजांचाच. झाडाखाली ठिवून जाळायची का?"

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या पावण्यांच्या मेंढ्या विजेनं झाडाखालीच गेल्या होत्या. मग मीच खुंट उपटले आणि आम्ही दोघांनी वाघर उघड्या रानात नेऊन ठोकली.

आल्या त्या गाराच. मोठ्या मेंढ्या बाभळीकडे पळाल्या. कोकरांना पळायला वाट नव्हती, जाळी आम्हीच घट्ट ठोकलेली. मी घोंगडं घेऊन धावले, पण एका घोंगड्याखाली किती मावणार? जी मावली तीही गारठून मेली.

दुसऱ्या दिवशी नुकसानीच्या पाहणीला सरकारी साहेब आले. म्हणाले, "ताई, पर्जन्यमापकात पाऊस अगदी थोडा भरलाय. एवढ्या पावसानं जनावरं मरत नाहीत."

"सायेब, पाऊस नव्हता तो. गारा व्हत्या."

"असतील. पण मापकात वितळून त्यांचं पाणीच होतं ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी कोकरं काय पाण्यानं मेली? नवरा मान खाली घालून उभा होता, त्याचाही राग आला.

त्या संध्याकाळी मेंढ्या चरून परतल्या. कासा तटतटलेल्या. उघड्या रानात, जिथं वाघर होती तिथं जाऊन ओरडत राहिल्या. मी एकेकीला धरून दूध मातीत पिळलं. मागं ठोकाठोकीचा आवाज येत होता, म्हणून वळून पाहिलं.

नवऱ्यानं वाघर पुन्हा बाभळीखाली नेली होती आणि तो एकेक खुंट नीट ठोकत होता. आत घालायला एकही कोकरू उरलं नव्हतं.