पालीजवळच्या पाइपात माझी लेक

लोक बीड जिल्ह्यात परळीच्या वैजनाथाला जातात. मी पाइप बघायला गेलो! खरं सांगायचं तर लेकीला, मनीषाला, तिचं काम सोडायला लावायला गेलो. जमिनीखालच्या मोठ्या जलवाहिन्यांत शिरून ती दोष शोधते. बापाच्या जिवाला नुसता घोर. म्हटलं, एकदा जवळून बघू आणि परतीच्या वाटेवर विषय काढू.

पुण्याहून पहाटे दोघं निघालो. नगर, कडा, आष्टी, जामखेड. रस्ता बरा आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांना आधी जाऊ द्यावं. जामखेडच्या पुढे धाब्यावर हुलग्याचे शेंगोळे आणि भाकरी, दोघांचे दोनशे वीस. पैसे वसूल! बीडच्या लॉजवर मालकाने बादली हातात देतानाच बजावलं, "पाणी जपून वापरा काका. नळ कवा येईल नेम न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडजवळच्या पाली गावापाशी पोचलो. तपासणीसाठी लाईन रिकामी केली होती आणि संध्याकाळी पाणी सोडायचं होतं. मुकादम भानुदासमामांनी आत फिरवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. सगळं ठीकठाक. तरी मनीषाने आतली हवा तपासली, कमरेला दोर बांधला आणि हातोडी घेऊन वाकून आत शिरली. आतून ठण्, ठण् ऐकू येत होतं. दोर धरणाऱ्या माणसाशेजारी उभा राहून मी देवाचं नाव घेत होतो. तासाभराने ती चिखलाने माखून बाहेर आली. "एका जागी खोदावं लागेल."

मामा भडकले. "कावून? क्यामेऱ्यात काईच न्हाई. लोक पान्याची वाट बघायलेत, आन् तुमी खोदा म्हणता?"

"मामा, माठ कसा घेता तुम्ही?"

"वाजवून."

"मग चला आत."

परत आले तेव्हा मामांचा आवाज खाली आला होता. "लई बद्द वाजतंय," ते आपल्या माणसाला म्हणाले. "जेसीबी आन बे."

खोदल्यावर दिसलं, पाइपाभोवती सिमेंटखाली गुंडाळलेल्या, पाण्याचा दाब पेलणाऱ्या तारा गंजून तुटल्या होत्या. आतून तडा गेलेला नव्हता, म्हणून कॅमेऱ्याला पत्ता लागला नाही. त्या संध्याकाळी पाणी सोडलं असतं तर पाइप तिथेच फुटला असता. मामांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेचा तिच्यापुढे ठेवला. "दुरुस्ती झाली की तुमी परत वाजवून बघा ताई. मगच पाणी." माझी छाती अशी फुगली की जेसीबीवाल्यालाही, त्याने विचारलं नसताना, सांगून आलो की ही माझी मुलगी.

परतताना विषय काढलाच नाही.

घरी बायकोने विचारलं, "बोललात का तिच्याशी?"

मी लॅपटॉप उघडला. स्थळांना पाठवायच्या मनीषाच्या बायोडेटात नोकरीपुढे मी आजवर 'खासगी कंपनी' एवढंच लिहीत आलो होतो. लाज वाटायची, कबूल करतो. ते खोडून लिहिलं, 'पाण्याच्या मोठ्या पाइपांत स्वतः उतरून दोष शोधते.'

"अशाने स्थळं कमी येतील," बायको म्हणाली.

"कमीच येऊ देत. येतील ती हे वाचून येतील."