आमच्या कमिटीचा उन्हाळा

कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, कमिटीची नवी बातमी काय?" मी एक सांगते, मग त्यावरून दुसरी आठवते, तिसरी आठवते आणि त्यांची एसटी चुकते. परवा एकीने विचारलं, "एकाच इमारतीत एवढे विनोद घडतात तरी कसे?"

अगं, विनोद कुठले! मीटिंगा घडतात. विनोद मी घरी आल्यावर त्यांत शोधते. तिथे हसायची माझी छाती नाही. कुणी कपबशी जरा जोरात ठेवली तरी मी दचकते. मग तिथे दाबलेलं हसू साठतं, आणि साठलं की कुणाला तरी सांगावंच लागतं.

तर आमची इमारत. नगरहून पुण्याच्या रस्त्याने निघालं की केडगावच्या अलीकडे. तीन मजली, कमी पगाराच्या लोकांसाठी गृहनिर्माण मंडळाने बांधलेली. खालचे दोन मजले माणसांसाठी आणि तिसरा बहुधा पापड वाळवायला! कारण वर स्लॅब टाकायचा तो टाकलाच नाही, सिमेंटचे पत्रे टाकले. पावसाने ते आता काळे पडलेत. होळी झाली की ते तापायला लागतात. वरच्या आठही खोल्यांत मग एकदम टेबलफॅन सुरू होतात, आणि एकदम सुरू झाले की फ्यूज उडतो. तोही सगळ्या इमारतीचा. खालचे लोक वर तोंड करून ओरडतात, वरचे खाली तोंड करून ओरडतात, आणि दुष्काळाच्या या साली वीज मुळातच कमी, म्हणून रेडिओवर कुणीतरी सांगत असतं की वीज जपून वापरा.

माझं म्हणणं एवढंच होतं की पत्र्यांना वरून पांढरा चुना मारा. ऊन परत जाईल, खोल्या निवतील, पंखे कमी फिरतील, वीज वाचेल, फ्यूज टिकेल. यात मी काही शोध लावला नव्हता. पण मंडळाच्या साहेबांच्या परवानगीशिवाय छपराला हात लावायचा नाही, असा नियम. म्हणून त्या बादलीभर चुन्याला कुणाचा तरी पाठिंबा मिळावा, यासाठी मी वर्षभर हिंडले.

त्यात मध्येच घाईचं कारण घरातच निघालं. माझी मंदावहिनी गरोदर राहिली. दिवस भरायचे ते ऐन उन्हाळ्यात. पहिलटकरणीने माहेरी जायचं, पण पाथर्डीकडे तिच्या माहेरच्या विहिरीला प्यायला पाणी नव्हतं. म्हणजे उन्हाळा काढायचा तो पत्र्याखालीच. आणि होळीनंतर एकदा उन्हाने भोवळ येऊन ती मोरीत पडता पडता वाचली होती. डॉक्टरीणबाईंनी दादाला तंबी दिली, "दुपारचं हिला गार जागेत ठेवा." दादाने मान हलवली. गार जागा आणायची कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

मी कमिटीची चिटणीस कशी झाले, तेही ऐका. आमचे चेअरमन अण्णा. जकात नाक्यावरून रिटायर झालेले, त्यामुळे अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत बघतात. अर्थात राहतात तळमजल्यावर. मीटिंगमध्ये त्यांनी माझं नाव सुचवलं आणि कारणंही दिली.

"पोरगी बी.एस्सी. आहे. अक्षर चांगलं आहे. आणि मुख्य म्हणजे उलट बोलत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दचकले. अण्णा म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं?"

*

पहिल्यांदा मी विजेच्या ऑफिसात गेले. वाटलं, वीज वाचवायची म्हटल्यावर हे लोक हाताला धरून खुर्चीवर बसवतील. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "नवीन कनेक्शन? पलीकडच्या खिडकीत."

"नाही हो, वीज वाचवायची आहे."

त्यांनी मान वर केली. "काय करायची आहे?"

"वाचवायची."

त्यांनी शेजारच्याला बोलावलं. शेजारच्याने आणखी एकाला. तिघांनी मला आपादमस्तक पाहिलं. मला दरदरून घाम फुटला. शेवटी त्यातले जे वयस्कर होते ते अगदी मायेने म्हणाले, "बाळ, वाचवायची असेल तर वापरू नका. त्याला ऑफिसात कशाला यावं लागतं?"

*

मग मंडळाच्या साहेबांना अर्ज केला. 'उष्णतेची पाहणी करावी', अशी विनंती. अर्ज उन्हाळ्यात केला. साहेब आले डिसेंबरात!

अंगात स्वेटर, गळ्याला मफलर. वर आले, पत्र्याखाली उभे राहिले आणि हात चोळत म्हणाले, "कुठाय उष्णता?"

अण्णा लगबगीने पुढे झाले. "आत्ता नाही साहेब. मेमध्ये येते."

"मग मेमध्ये बोलवायचं!"

मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मेमध्येच बोलावलं होतं, साहेब."

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. मी दोन पावलं मागे सरले आणि वहिनीच्या हातातल्या चहाच्या ट्रेवर आदळले. साहेबांच्या मफलरवर चहा सांडला. त्या दिवशी आमच्या छपराखाली तेवढीच काय ती उष्णता साहेबांना मिळाली!

*

एक शिकलेल्या बाई आमच्या बायकांना इंधनबचत शिकवायला आल्या. नगरातून, स्वतःच्या मोटारीने. मी हरखून गेले. म्हटलं, या बाई बचतीचं बोलतात, चुन्याचं यांच्या कानावर घालावं. पण त्यांनी मध्ये बोलूच दिलं नाही. पिशवीतून चकचकीत कुकर काढला आणि सुरू झाल्या.

"हे बघा, खाली डाळ, मध्ये भात, वर भाजी. तिन्ही एकाच वेळी! रॉकेल किती वाचलं?"

आमच्या मजल्यावर जिन्याकडच्या पहिल्या खोलीत ठकूबाई राहतात. पारनेरकडच्या. नवरा कारखान्यात फिटर. त्या पदर सावरून पुढे सरकल्या.

"बाई, तिन्ही एका टायमाला हाईत कुनाच्या घरात? आमच्याकडं रेशनच्या त्या तांबड्या मिलो जवारीची भाकर आन् चटनी."

बाई गडबडल्या. "हो का? मग... तसं बघा..."

"न्हाई, इचारते आपली," ठकूबाई म्हणाल्या. "चटनीला शिट्ट्या किती द्यायच्या?"

बाईंनी कुकर पिशवीत घातला. चुन्याचं राहूनच गेलं.

*

आता आमच्या भागाचे पुढारी. यांचा पाठिंबा मिळाला की मंडळ हलतं, असं अण्णांचं मत. मला घेऊन गेले. मी चुन्याचं सगळं सांगितलं. पुढाऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपले! तेवढ्यात एकदम मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "दिला!"

मी खुर्चीतून उडाले. "चुना?"

"चुना काय मागता ताई! पंखा देतो, पंखा! छताचा! वरच्या मजल्याला!"

"पण साहेब, पंखे कमी करण्यासाठीच तर..."

अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला.

आता आठ खोल्यांत एक पंखा कुणाकडे लावायचा? भांडण नको म्हणून कमिटीने तो जिन्यात लावला. वरच्या मजल्यावर जिथे पायऱ्या संपतात, तिथे. जिथे कुणी राहत नाही, बसत नाही, निजत नाही! त्याच्या तीन पात्यांवर लाल रंगात मजकूर. एकावर पुढाऱ्यांचं नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'सप्रेम भेट'.

उद्घाटन झालं. नारळ फुटला. पुढाऱ्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, टाळ्या पडल्या. पुढारी वर बघतायत, बघतायत, आणि त्यांचा चेहरा उतरत चाललाय. नाव गेलं, आडनाव गेलं, भेटही गेली. नुसतं लाल चक्र फिरतंय!

"अण्णा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे दिसत नाही हो."

अण्णांनी तत्परतेने बटण बंद केलं. पंखा थांबला, नाव दिसलं, पुढारी हसले. तेव्हापासून तो पंखा बंद आहे. बटणावर चिकटपट्टी आहे. पाती मात्र दर शनिवारी पुसली जातात. आमच्या इमारतीत वीजबचत झाली ती एवढीच!

*

एप्रिलमध्ये, माझ्या दुसऱ्या अर्जावर, मंडळाचे साहेब पुन्हा आले. आता दुपारचं खोलीत बसवत नव्हतं. वहिनीचे पाय सुजले होते. ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसायची. मला वाटलं, बरं झालं, आता साहेबांना कळेल.

पण अण्णांना वेगळीच काळजी. "साहेबांना घाम फुटला तर आपली अब्रू काय राहील? पाहुण्याला घाम फोडायचा?"

आणि मग काय केलं असेल? मजल्यावरचे आठही टेबलफॅन एका खोलीत आणून साहेबांच्या खुर्चीभोवती गोल मांडले! आमचाही नेला. वहिनीच्या समोरून उचलून नेला. साहेब मध्ये बसले. टाय खांद्यावरून मागे उडतोय, हातातले कागद उडतायत, डोक्यावरचे होते नव्हते ते चार केस उभे!

"वा!" साहेब ओरडले, कारण त्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "हवेशीर आहे हो खोली!"

"आहेच साहेब!" अण्णाही ओरडले.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात फ्यूज असा काही उडाला की मी किंचाळले. साहेब म्हणाले, "चला, आमचं काम झालंच आहे." आणि घामाचा पहिला थेंब यायच्या आत जिना उतरून गेले.

अण्णा मला म्हणाले, "तू जरा घाबरट आहेस. बाकी पाहणी उत्तम झाली."

*

त्या संध्याकाळी दादा आणि ठकूबाईंचे यजमान यांनी परवानगी-बिरवानगी गुंडाळून ठेवली. ठकूबाईंच्या थोरलीच्या लग्नात घर रंगवायला आणलेला चुना पिंपात उरला होता. प्रश्न शिडीचा. शिडी अण्णांच्या ताब्यात.

"शिडी फक्त पदाधिकाऱ्यांसाठी आहे," अण्णा म्हणाले.

माझ्या तोंडून कसं कोण जाणे, पण निघून गेलं, "मी पदाधिकारीच आहे."

शिडी मिळाली.

पत्र्यावर फळी टाकून दोघांनी केरसुणीने चुना मारला. जिन्याकडून सुरुवात केली आणि बरोबर निम्म्यावर चुना संपला. ठकूबाईंची खोली पांढऱ्या पत्र्याखाली आली. आमची राहिली त्या टोकाला, काळ्याच्या काळ्या पत्र्याखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाईंकडे पाय ठेवला आणि मी चकित झाले. गार नव्हे, पण माणूस निजू शकेल असं. ठकूबाई आमच्या दारात आल्या. "मंदे, ऊठ. तिकडं चल. पोटातल्याला भाजून काढायचंय का?"

तेव्हापासून वहिनी दुपारची तिकडे निजायला लागली. पण ठकूबाईंची खोली म्हणजे त्यांचीच पाच माणसं. पाळी बदलून कारखान्यातून आलेला त्यांचा नवरा दुपारचा जिन्यात निजायचा, बंद पंख्याखाली! हे किती दिवस चालणार? उरलेल्या निम्म्या पत्र्यासाठी मी पुन्हा अर्ज केला.

*

आणि साहेब आले! ऐन मेमध्ये, भर दुपारी, न कळवता. अण्णांना पंखे गोळा करायलाही उसंत मिळाली नाही. परवानगीशिवाय चुना मारला ही तक्रार कुणीतरी केली होती, म्हणून साहेब तातडीने आले होते. उन्हाचं सांगितलं तेव्हा जे डिसेंबरात आले, ते चुन्याचं कळताच मेमध्ये आले!

जिना चढून धापा टाकत ते पहिल्याच खोलीत शिरले. ठकूबाईंच्या. आत वहिनी निजली होती. पुरुषमाणसं आलेली पाहून ती धडपडत उठली, पदर सावरत भिंतीला धरून बाहेर गेली आणि आमच्या खोलीत जाऊन बसली. साहेब तिच्या चटईशेजारी खुर्चीवर टेकले. रुमालाने मान पुसली. जरा निवले. मग कागद काढला.

"चुन्याने काही फरक पडलेला दिसत नाही," साहेब म्हणाले.

"अजिबात नाही," अण्णा म्हणाले.

"चुन्याची खोली, बिनचुन्याची खोली, सारखंच. उगीच खर्च. तसं लिहितो मी."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खोलीतली वहिनी येत होती, डोक्यावर तो ओला टॉवेल. बोलायचं होतं मला. बोलल्या त्या ठकूबाई.

"साहेब, दोन्ही खोल्या सारख्याच म्हनता न्हवं?"

"सारख्याच."

"मग उठा. हितं पोरीला निजायचंय. तुमी तिच्या खोलीत बसा."

अण्णांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कागदाकडे. आणि मग माझा आवाज मलाच ऐकू आला, "चहाही तिकडेच आणते."

साहेब उठले. उठावंच लागलं. मी वहिनीला हाताला धरून आणलं, चटईवर निजवलं आणि स्टो पेटवायला आमच्या खोलीत गेले. साहेब खुर्चीवर, अण्णा स्टुलावर, वर काळा पत्रा. मी चहाचं आधण ठेवलं. स्टो भरभरायला लागला. साहेबांनी टाय सैल केला. मग काढला. मग कागदाने वारा घ्यायला लागले.

पाण्याला उकळी फुटायच्या आत साहेब खुर्ची सोडून बाहेर पडले. मागोमाग अण्णा, मागोमाग मी. जिन्याशी येऊन साहेब कठड्याला धरून उभे. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. ठकूबाईंच्या दारातून वहिनीचं घोरणं ऐकू येत होतं. साहेबांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा!

"अहो, हा पंखा लावा आधी!"

अण्णांचा हात बटणाकडे गेला. चिकटपट्टीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"लावला असता साहेब! पण मग नाव वाचता येत नाही!"