भुऱ्याचं गुरगुरणं

बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या धोंडूकाकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही भुऱ्याला पाहिलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. माझे वडील कोलशेतला मिठागरात कामाला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. कॉलेज करायचं तर राहायचं कुठे? वडिलांचे जुने स्नेही धोंडूकाका कल्याणला रेल्वेत सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलणारे. त्यांनी मला आपल्या क्वार्टरमधली पुढची खोली दिली. काकू वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. घरात काका, मी आणि भुऱ्या. काकांना सही येत नव्हती, पण माझा अभ्यास चालू असला की ते विडी ओढायलाही बाहेर जात. मी बी.ए. झालो तो त्या माणसामुळे — हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

भुऱ्या यार्डातून आलेला कुत्रा. उपाशी वाढलेला. खाताना कुणी जवळ गेलं की मान खाली घालून गुरगुरायचा. काकांची त्यावर एक रीत होती. त्याची ताटली कधी उचलायची नाही. लांब उभं राहायचं आणि भाकरीपेक्षा चांगलं काहीतरी — बोंबलाचं डोकं, माशाचा काटा — ताटलीत टाकून निघून यायचं. दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ. गुरगुरला की एक पाऊल मागे.

शेजारचे गोविंदराव फायरमन चेष्टा करायचे, "धोंडू, मुंज कधी करतोस रे ह्याची?"

काका हसायचे. मला मात्र म्हणायचे, "गुरगुरतो म्हणजे सांगतो रे, अजून भ्या वाटतं म्हणून. सांगू दे त्याला."

पाच महिन्यांत काकांचा हात ताटलीपर्यंत पोचला. भुऱ्या शेपटी हलवायचा. माझ्यावर मात्र अजून गुरगुरायचा. मी अजून चार पावलांवरच होतो.

मग काकांना पंधरा दिवस कसाऱ्याला बदली ड्यूटी लागली. जाताना म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तुला जमेल. घाई तेवढी करू नकोस."

घाई मी केली नाही. केलं ते त्याहून वाईट. कॉलेजातला एक मित्र घरी आला होता. मी ताटलीजवळ गेलो, भुऱ्या गुरगुरला, मी दचकून मागे सरलो — आणि मित्र पोट धरून हसला. "अरे, तू बी.ए. होणार आणि कुत्रं तुला विचारत नाही?" एवढंच. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

कोपऱ्यात काकांच्या जुन्या बावट्याची काठी होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती घेऊन ताटलीजवळ जायचो. गुरगुरला की मारायचं आणि ताटली उचलायची. गप्प राहिला तर परत द्यायची. रोज, दोन्ही वेळा. बारा-तेरा दिवसांत त्याचं गुरगुरणं थांबलं. तो अंग आकसून, डोळ्यांचं पांढरं दाखवत, घाईघाईने गिळायचा. मला ते दिसत होतं. मी त्यालाच शिस्त म्हटलं.

काका परतले. मी म्हणालो, "काका, तुमच्याच रीतीने केलं. आता कुणावरच गुरगुरत नाही." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गोविंदरावांना बोलावून दाखवलं.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून मुलगी आली, सहा वर्षांच्या शकूला घेऊन. काकांनी नातीच्या हातात बोंबलाचं डोकं दिलं — "जा, घाल त्याला." भुऱ्या गुरगुरला असता तर काकांनी तिला तिथेच थांबवलं असतं. तो गुरगुरला नाही. गुरगुरल्यावर काय होतं, ते मी त्याला शिकवलं होतं. तो सरळ चावला. अंगठ्यापाशी, हाडापर्यंत.

पिसाळला आहे का ते बघायला डॉक्टरांनी त्याला दहा दिवस बांधून ठेवायला सांगितलं. दहा दिवस! रोज ठरवायचो, आज सांगतो. जागा जाईल, म्हणून गप्प बसलो का? नाही. काका मला हाकलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. भुऱ्या पिसाळला नाही. तेच त्याला नडलं. गोविंदराव म्हणाले, "वेडा नाही, म्हणजे समजून-उमजून चावला. लाड केलेस त्याचे, धोंडू." काकांनी भुऱ्याला नगरपालिकेच्या हवाली करायचं ठरवलं.

त्यानंतर त्यांनी कधी कुत्रा पाळला नाही. दारात आलेल्या मांजरालाही हाताने काही घातलं नाही. जाईपर्यंत म्हणायचे, "माझीच रीत खोटी निघाली." मी समोर बसून ऐकायचो. शकूचा अंगठा अजून पुरता वळत नाही. ती आपल्या मुलांना कुत्र्याच्या वाटेनेही जाऊ देत नाही.

एक गोष्ट राहिली. कुत्रा घेऊन जायला नगरपालिकेला अर्ज हवा होता. तो मी लिहिला. काका म्हणाले, वाचून दाखव. मी वाचला — "सदर कुत्रा विनाकारण चावला असून..."

"विनाकारण म्हणजे रे?"

"म्हणजे — कुणी काही केलं नसताना."

बाहेर भुऱ्या साखळीला बांधलेला होता. आमचे आवाज ऐकून त्याने शेपटी आपटली. काकांनी शाईत अंगठा बुडवला, मी दाखवलं तिथे उमटवला आणि कागदाकडे बघत राहिले.

"अक्षर मात्र झ्याक आहे हं तुझं," ते म्हणाले.

अंगठा वाळेपर्यंत मी तो कागद हातात धरून उभा होतो.