एकाहत्तर मार्कांची पोरगी

पोलीस भरतीच्या अकॅडमीत शिकवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. भरती संपते, पोरं पांगतात, आणि शेडमध्ये फाटके बूट आणि किस्से उरतात. बूट भंगारवाला नेतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते मित्रांच्या माथी मारायचे!

मिरजगावात हायवेला लागून आमचे दोन पत्र्याचे शेड आहेत. बाहेर मोठी पाटी, ‘अकॅडमी’. मी तिथं गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. गणित पोरांना येत नाही आणि बुद्धिमत्ता असती तर पोरं माझ्याकडं आली नसती, असं आमचे डायरेक्टर म्हणतात.

भरतीचा हिशोब तसा सरळ आहे. मैदानी चाचणी पन्नास मार्कांची, लेखी शंभरची. दोन्हींची बेरीज करायची आणि ज्याच्या त्याच्या गटात वरून जागा भरत यायच्या. पण आपल्याकडं परीक्षा म्हटली की दोनच गोष्टी ठाऊक, पास आणि नापास. तिसरं काही सांगायला गेलं की ऐकणारा चहा मागवतो.

मागच्या बॅचला सारिका होती, खर्ड्याकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. बापानं तिला स्वच्छ सांगितलं होतं, "ही एक भरती दे. झालं तर वर्दी, न्हाई तर लगीन." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. म्हणजे वर्दी नाही मिळाली तर लग्नानंतरचं पोस्टिंग ठरलेलंच होतं! तिचं व्हावं असं मला मनापासून वाटायचं. बाकीच्यांचंही व्हावं असं वाटायचं, पण ते पगार घेतो म्हणून.

*

लेखी झाली त्याच संध्याकाळी मोबाईलवर तीन खासगी क्लासेसच्या तीन उत्तरतालिका फिरायला लागल्या. तिन्हींत उत्तरं वेगळी. आमच्या दत्तूनं उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी पुढं घेतली, तासभर ताडून बघितलं आणि उड्या मारत आला.

"सर, शहाण्णव!"

मी म्हटलं, "कुठल्या तालिकेनं?"

"तिन्ही वापरल्या, सर. जिथं ज्याचं उत्तर माझ्याशी जुळलं, तिथं त्याचं धरलं. उगं एकाचंच ऐकून दुसऱ्यावर अन्याय कशाला!"

असा न्यायी पोरगा खात्याला मिळायलाच हवा होता. सारिका कोपऱ्यात बसून तेच करत होती, पण उलट्या बाजूनं. तिन्ही तालिकांत जे उत्तर बरोबर निघालं तेवढंच तिनं धरलं. एकाहत्तर आले. कुणाला न सांगता ती कागद घडी करून पळायला गेली.

*

शहाण्णव ही बातमी दत्तूच्या गावात दत्तूच्या आधी पोहोचली. सकाळी चौकात फ्लेक्स! फोटो स्टुडिओतली वर्दी घातलेला दत्तू, खाली ‘लेखी परीक्षेत ९६ गुण, गावाची शान’, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. त्यातल्या निम्म्यांना दत्तू कशाच्या परीक्षेला बसलाय हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग खात्याची अधिकृत उत्तरतालिका आली. दत्तूला अठ्ठावन्न.

मी फोन केला, तर पठ्ठ्या म्हणतो, "सर, खात्याची तालिका चुकलीय. माझ्या शहाण्णवशी जुळतच न्हाई!"

फ्लेक्स दोन दिवसांनी उतरवला. पुढं वळवाचा पाऊस आला तेव्हा दत्तूच्या आईनं तो कांद्याच्या ढिगावर टाकला. मी चहाला गेलो तर म्हातारी कौतुकानं सांगत होती, "काय बी म्हना सर, आमच्या दत्तूनं कांदा भिजू दिला न्हाई!"

*

बाळूची तर वेगळीच तऱ्हा. अधिकृत तालिकेनंतर हा पेढे घेऊन हजर.

"पास झालो, सर! एक्केचाळीस!"

लेखीत चाळीस टक्के किमान लागतात, तेवढं वाक्य त्यानं बरोबर पाठ केलं होतं. मी त्याला समजावलं, "बाळू, चाळीस म्हणजे मांडवात शिरायची परवानगी. पंगतीत पान मिळालं असं नाही."

बाळू गंभीर झाला. म्हणाला, "सर, दहावीला पस्तीसला पास हुतो. इथं वर सहा जास्ती पडल्यात. ते कुठंतरी धरतीलच की!"

पेढे मात्र चांगले होते. डायरेक्टरांनी दोन खाल्ले आणि त्याच दिवशी जाहिरातीत बाळूला ‘लेखी उत्तीर्ण’ म्हणून घातलं. खोटं काहीच नव्हतं!

*

सारिकाला खात्याच्या तालिकेनंही एकाहत्तरच. तिच्या वडलांचा, तात्यांचा, उसाच्या फडावरून फोन आला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता.

"सर, पोरगी पास का नापास?"

मी सांगायला लागलो. मैदानात सत्तेचाळीस आहेत, ते फार चांगले. लेखीला एकाहत्तर, ते मध्यम. आता बाकीच्या मुलींना किती पडलेत त्यावर यादी कुठं तुटते ते ठरेल. तोवर काही सांगता येत नाही.

तात्या म्हणाले, "म्हंजे पेपर आमच्या पोरीनं लिवला, अन् निकाल दुसऱ्याच्या पोरींनी लावायचा?"

"तसंच काहीसं."

"मंग हे सोसायटीच्या निवडणुकीवानी हाय की! आपल्याला किती पडली त्याला अर्थ न्हाई, समोरच्याला किती पडली ते बगायचं."

मी म्हटलं, "तात्या, अगदी बरोबर."

"आमी तिथं दोनदा पडलोय, सर," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

*

यादी लागायच्या आधीच तात्या फडावरून गावी परतले आणि सारिकाला बघायला पाव्हणे आले. मुलगाही त्याच भरतीला बसलेला, पुण्याच्या मोठ्या क्लासचा. आकडे समजून सांगायला म्हणून तात्यांनी मला बोलावून घेतलं होतं.

पोहे झाले. मुलाचे वडील पाय लांब करून म्हणाले, "आमच्या पोराला लेखीला चौऱ्याऐंशी हायेत. पोरीला एकाहत्तर. तेरा मार्कांचा फरक पडतोय, तात्या. तुमाला काईतरी बगावं लागंल."

तेरा मार्क हुंड्यात भरून काढायचे होते! मी इतकी वर्षं गणित शिकवतोय, ही पद्धत मलाही नवीन होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "यादी लागू द्या."

यादी लागली. सारिका यादीत होती. मी ती चार वेळा वर-खाली केली, मग चष्मा काढून डोळे पुसले. मुलांच्या यादीत पाव्हण्यांचा चौऱ्याऐंशी कुठंच नव्हता.

आठवड्याभरात पाव्हणे परत आले. या खेपेला पाय जवळ घेऊन बसले. म्हणाले, "आता काई मागनं न्हाई, तात्या. जमवून टाकू. पोरीची बी नोकरी झाली, बरं झालं. पोरगं आमचं हुशारच हाय, लेखीला चौऱ्याऐंशी!"

तात्यांनी विचारलं, "मैदानाचे किती?"

पाव्हणे छताकडं बघायला लागले. मुलगा बारीक आवाजात म्हणाला, "अठ्ठावीस."

तात्या माझ्याकडं वळले. "सर, पोरीचे?"

"सत्तेचाळीस."

तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, उठले, दारापर्यंत गेले आणि हात जोडून म्हणाले,

"पाव्हणं, पुढच्या भरतीला या."