मामा बाहेर गेले

माझ्या बायकोच्या मामांइतक्या वेळा बसल्या जागेवरून उठणारा माणूस अख्ख्या जबलपुरात सापडायचा नाही. विजय नगरातल्या एका खासगी शाळेच्या संचालक मंडळावर ते आहेत, पण बैठकीच्या खोलीपेक्षा बाहेरचा व्हरांडाच त्यांनी जास्त झिजवला. ज्या विषयात आपला संबंध, त्यात आपण बसायचं नाही, हे त्यांचं व्रत. आणि जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाचा या शहरात कुणाशी संबंध नसणार? पुस्तकांचा विषय निघाला, तर दुकानदार त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणारा, मामा बाहेर. पाण्याच्या टाकीचा निघाला, तर ठेकेदार पाटणचा आणि मामींचं माहेरही पाटणचंच, मामा बाहेर. माझ्या बायकोला तिथे शिक्षिका म्हणून नेमलं, त्या दिवशी तर ते थेट फाटकापर्यंत गेले आणि चौकीदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले. पुढे पालकांचा प्रतिनिधी म्हणून मी मंडळावर आलो, तेव्हा हे माझे भाचेजावई अशी इतिवृत्तात नोंद करवून ते माझ्यापासून चार खुर्च्या लांब बसू लागले.

आम्ही हसायचो. अध्यक्ष मात्र हसता हसता शिकले.

शाळेच्या मैदानाचा रस्त्याकडचा पट्टा दुकानांसाठी अध्यक्षांच्या मेहुण्याला द्यायचा, असा प्रस्ताव आला. मामा महिनाभर ते मैदान पावलांनी मोजत होते. पट्टा गेला तर मुलींना खो-खो खेळायला जागा उरत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा चालता चालता. बैठकीला ते प्रथमच खुर्ची घट्ट धरून बसले. चर्चेआधी अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "मामाजी, खोवे की जलेबी कैसी लगी? हमारे साले साहब ने बड़े फुहारे से भिजवाई थी."

मामांचा चेहरा उतरला. सकाळी मामींनी बशीत ठेवलेली, बडा फुहारा बाजारातली ती जलेबी कुणाची, हे न विचारता त्यांनी खाल्ली होती. एकच. ते उठले आणि माझ्यापाशी थांबले. "मी तर जाऊन राहिलो, जावईबापू. मैदानाकडे आता तुम्ही पाहा."

ज्यांच्या मेहुण्याची दुकानं ते अध्यक्ष आत, आणि एक जलेबी खाल्लेले मामा बाहेर. प्रस्तावाच्या बाजूने तीन हात, विरोधात तीन. उरला माझा. तेवढ्यात अध्यक्ष सहज म्हणाले, की शिक्षकांची मुदतवाढ पुढच्या बैठकीत घेऊ. बायकोची मुदत जूनमध्ये संपत होती. व्हरांड्यातल्या चपला मला स्पष्ट ऐकू येत होत्या, आणि माझा हात मांडीवरून हलला नाही. बरोबरी झाली की अध्यक्ष मत देतात, त्यांनी दिलं.

मी बाहेर जाऊन तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. "सांगू नका. माझा संबंध आहे."

आता तिथे दुकानांची शटरं लागली आहेत. बायकोला मुदतवाढ मिळाली. मामा रविवारी चहाला येतात, कप हातात घेऊन घरभर फिरतात, आणि काहून असं केलं म्हणून एका शब्दाने विचारत नाहीत. विचारलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. परवा बैठकीत नव्या बसचा विषय निघाला. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता, तरी मला बसवेना. उठून व्हरांड्यात गेलो. मामा तिथे होतेच. चालता चालता ते थोडे भिंतीकडे सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.