सरकारची बायको

हावडा मेल अकोल्याला जेमतेम थांबते, आणि तेवढ्यातलाही निम्मा वेळ नानांनी मला सरकारशी कसं वागावं हे सांगण्यात घालवला. नाना म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आई खिडकीतून लाडवांचा डबा आत सारत होती, हे हमालाशी हुज्जत घालत होते, आणि नाना खिडकीचे गज धरून म्हणत होते, "सरकार मायबाप असतं. तुझा नवरा आता केंद्र सरकारचा माणूस आहे. तिकडे कशाच्या अध्यातमध्यात पडू नकोस." मी मान हलवली. गाडी सुटताना रडले ती आईकडे बघून. नानांचा मला रागच आला होता. लेक हजार मैल लांब निघाली आणि ह्यांना सरकार आठवतंय.

तुम्हा अकोलेकरांपैकी जे गावातच राहिलात त्यांना बदलीवाल्यांचं घर ठाऊक नसेल; जे माझ्यासारखे निघालात त्यांना वेगळं सांगायला नको. कलकत्त्यात भवानीपूरच्या एका गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, पण सामानाची खोकी काही मोडली नाहीत. त्यांच्यावर चादरी घालून दिवाण केले. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पडदे नवे शिवायचे नाहीत, कारण आज ना उद्या जायचंच आहे. मतदारयादीत नाव घालायला आलेल्या माणसाला मी चहा पाजून वाटेला लावलं. ह्यांनी आल्या आल्या नागपूरच्या बदलीचा अर्ज केला होता, आणि दर वर्षी पुन्हा करत होते. नाना थकत चालले होते, आईला दिसेनासं होत होतं. नागपूर मिळालं असतं तर उठून केव्हाही अकोल्याला जाता आलं असतं. आमच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

खालच्या मजल्यावर माशीमा, म्हणजे मावशी, राहायची. शाळामास्तरांची विधवा, वयाने माझ्या आईएवढी, मला बौमा म्हणजे सूनबाई म्हणायची. तिच्या तोंडी, खरं तर अख्ख्या गल्लीच्या तोंडी, सरकारचा विषय सतत असे. पण मायबाप म्हणून नव्हे, आळशी घरजावयाबद्दल बोलावं तसा. मला ते ऐकून धास्ती वाटे. सत्तर सालाच्या आसपासचं ते कलकत्ता. घेराव रोजचेच. माणसं साहेबाच्या खोलीत शिरत, टेबलाभोवती ठाण मांडत आणि मागणी मान्य होईपर्यंत त्याला उठू देत नसत. ह्यांनाही एकदा त्यांच्या ऑफिसात असंच कोंडलं होतं. उपाशी, ओठ सुकलेले असे घरी आले, तेव्हा त्या लोकांना मी मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

आणि मग एका उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेला नळ आटला. घरातल्या नळांना आधीपासूनच दम नव्हता, सगळी भिस्त त्या नळावर. पाण्याच्या ऑफिसातल्या इंजिनियरकडे रोज कुणीतरी जाई आणि तो रोज "होबे" म्हणे. होबे म्हणजे होईल. लोक तळ्याचं पाणी आणू लागले आणि शेजारच्या घरात लेकरांना जुलाब सुरू झाले. एका सकाळी माशीमा बादली घेऊन माझ्या दारात उभी. बायका इंजिनियरला घेराव घालायला निघाल्या होत्या, आणि तिचं म्हणणं मीही यावं. मी म्हटलं, माझे यजमान सरकारी नोकरीत आहेत, मला येता येणार नाही.

"तुमी कि सरकारेर बौ?" तिनं विचारलं. तू काय सरकारची बायको आहेस?

त्या प्रश्नाचा मला इतका राग आला की बादली उचलली आणि निघाले.

दुपारपर्यंत आम्ही त्या खोलीत बादल्या पुढ्यात घेऊन बसलो. इंजिनियर घामाघूम होऊन फायली चाळल्यासारखं करत होता. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, आणि उपाशी माणसाकडे नुसतं बघत बसणं मला जमेना. उठून घरी गेले, उरल्यासुरल्या पाण्यात पोहे भिजवले, आपल्याकडे घालतो तशा हिरव्या मिरच्या घालून फोडणी दिली आणि डबा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. घेरावात कोणी जेवायला वाढतं का, म्हणून माशीमा उखडली. माझंही चुकलंच होतं म्हणा.

त्याने मात्र डबा चाटूनपुसून खाल्ला. मग मिरची लागली. ठसका, डोळ्यांतून पाणी. पाणी मागू लागला. ऑफिसातली सुरई रिकामी होती, कारण तीही आमच्याच नळावर भरली जायची. मी माझ्या मोडक्या बंगालीत म्हटलं, पाणी नाही.

"होबे," माशीमा म्हणाली.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. तो उठला, आम्ही वाट दिली, आणि फिटरला घेऊन तो स्वतः व्हॉल्व्हपाशी गेला. पलीकडच्या मोठ्या रस्त्याला जोर मिळावा म्हणून कुणीतरी आमचा व्हॉल्व्ह आवळून ठेवला होता. दिवेलागणीला नळ वाहू लागला.

ही बातमी ह्यांच्या ऑफिसात पोचायला वेळ लागला नाही. साहेबांनी बोलावून नियम दाखवला. सरकारी नोकराने घरच्यांना सरकारविरोधी चळवळींपासून आवरावं, आवरता येत नसेल तर तसं लेखी कळवावं. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, बायको पुन्हा असं करणार नाही एवढं लिहून द्या. नागपूरला जागा होतेय, तुमचं नाव पुढे करतो. नाहीतर नागपूर विसरा.

हे घरी आले ते धुमसतच. "मला कोंडलं तेव्हा त्यांना शिव्या देणारी तूच ना?"

"मीच. पण ते का आले होते, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

मला नागपूर हवं होतं. द्या लिहून, असं म्हणायला मी तोंडही उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे ते लिहिलेलं वाक्य आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. नोकरी ह्यांनी पत्करली होती, मी नाही. प्यायला पाणी मागणं ही जर सरकारविरोधी चळवळ असेल, तर लाज सरकारला वाटायला हवी. ते वाक्य लिहून दिलं असतं तर मी खरोखरच सरकारची बायको झाले असते. मी ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ह्यांनी कागद ओढून इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. पत्नीला आवरणं मला शक्य झालेलं नाही. तसा प्रयत्नही मी केलेला नाही.

नागपूर दुसऱ्या कुणाला मिळालं.

सुटीत अकोल्याला गेलो तेव्हा जेवताना मी नानांना सगळं सांगून टाकलं. ते खाली मान घालून भात कालवत राहिले. आता मायबाप सुरू होणार, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच बसले होते.

"पाणी आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"जोराचं?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी आईकडे ताक मागितलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षी ते गेले, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नागपूरला असते तर वेळेवर पोचले असते. हे शल्य माझं आहे, ते मी कुणाच्या माथी मारत नाही. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

नंतर ह्यांची कटकला बदली झाली, मग पाटण्याला, आणि निवृत्त झाल्यावर आम्ही आपण होऊन भवानीपूरला परत आलो. तुम्ही पत्रांतून विचारता, आपल्या गावी कधी येणार. अकोल्यात माझं माहेर होतं, त्याची आठवण आली की आजही घास उतरत नाही. पण नळ कोरडा पडला तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे मला ज्या गावात ठाऊक आहे, आणि मी बसले तर शेजारच्या बायका न बोलावता माझ्या बाजूला येऊन बसतील, ते माझं गाव. मी आपल्या गावीच आहे.