गरमी

माझा थोरला भाऊ जळगावला बी.एस्सी. करत होता. तिथेच त्याला क्षय झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लाल व्हायला लागली. तो त्या औषधाचाच रंग असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वैशाखात तो पारोळ्याला घरी आला, तेव्हा आई म्हणाली, "गरमी शे ही."

त्याच्या वर्गातले दोघे भेटायला आले होते. क्षयाच्या जंतूंची आकृती काढून मार्क मिळवणारी पोरं. तीही म्हणाली, गोळ्या गरम पडतात, पावसाळ्यापर्यंत थांब. खोकला तसाही थांबलाच होता. त्याने गोळ्या सोडल्या, सब्जाचं पाणी पीत राहिला.

श्रावणात खोकला परतला, रक्त घेऊन. दिवाळीनंतर भाऊ गेला.

दहाव्याला तेच दोघे आले. त्यातला एक माझ्या वडिलांना म्हणाला, "आबा, यंदाचा उन्हाळाच वाईट होता."